त्रिकास्थी-माकडहाड प्रदेशातील जन्मजात अर्बुद : निदान, शस्त्रक्रिया आणि काळाचे महत्त्व

सारांश

नवजात अर्भकात आढळणाऱ्या अर्बुदांपैकी माकडहाडाशी निगडित असलेला 'टेराटोमा' हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. तो दुर्मीळ आहे. तथापि वेळीच ओळखला गेल्यास आणि संपूर्णपणे काढला गेल्यास बहुसंख्य बालके निरोगी आयुष्य जगतात. प्रस्तुत लेखात या अर्बुदाची उत्पत्ती, प्रकार, जन्मापूर्वीचे व जन्मानंतरचे निदान, शस्त्रक्रियेची तत्त्वे आणि त्यानंतरची देखरेख यांचा परामर्श घेतला आहे. बाहेर दिसणाऱ्या मोठ्या गाठीपेक्षा आत दडलेली लहान गाठ अधिक घातक ठरते व त्याचे मुख्य कारण निदानास होणारा विलंब हेच असते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

१. प्रस्तावना

अर्बुद किंवा कर्करोग हा उतारवयाचा आजार आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. आयुष्यभराच्या सवयी, तंबाखू, प्रदूषण, वाढते वय यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो व तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु काही अर्बुदे बालक जन्माला येतानाच सोबत घेऊन येते. मज्जातंतूंच्या आदिपेशींपासून होणारे न्यूरोब्लास्टोमा, मूत्रपिंडातील मेसोब्लास्टिक नेफ्रोमा, यकृतातील हेपॅटोब्लास्टोमा, हृदयाच्या स्नायूतील रॅब्डोमायोमा ही त्यांची काही उदाहरणे होत. या सर्वांत त्रिकास्थी व माकडहाड यांच्या परिसरात उद्भवणाऱ्या टेराटोमाचे प्रमाण सर्वाधिक आहे. साधारणपणे ३५ ते ४० हजार जिवंत जन्मांमागे एका अर्भकात तो आढळतो. मुलग्यांच्या तुलनेत मुलींमध्ये त्याचे प्रमाण तीन ते चार पट असते.

प्रौढांच्या अर्बुदांविषयीचे ज्ञान जसेच्या तसे या अर्बुदाला लागू करता येत नाही. जन्मतः ते बहुधा सौम्य असते. मात्र ते शरीरात राहू दिल्यास काही महिन्यांत त्याचे मारक अर्बुदात रूपांतर होण्याची शक्यता वेगाने वाढते. म्हणून या विकारात 'काय आहे' या प्रश्नाइतकाच 'केव्हा कळले' हा प्रश्न निर्णायक ठरतो.

२. संज्ञा व उत्पत्ती

'टेराटोमा' ही संज्ञा एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यांनी रूढ केली. 'टेरास' या ग्रीक शब्दाचा अर्थ राक्षस किंवा अद्भुत प्राणी असा आहे. गाठ कापून पाहिली असता तिच्यात केस, कूर्चा, हाडाचे तुकडे, क्वचित दात, मेंदूसदृश ऊतक, आतड्याचे अस्तर अशा परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकत्र आढळत. त्यामुळे जुन्या काळी अशा गाठींभोवती भय आणि दंतकथा यांचे वलय निर्माण झाले. भ्रूणविज्ञानाने मात्र या प्रकाराची उकल केली आहे.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पृष्ठभागावर पेशींची एक रेषा उमटते. तिला आदिरेषा म्हणतात. तिच्या अग्रभागी असलेल्या हेन्सेनच्या ग्रंथिकेतील पेशींमध्ये शरीराचे कोणतेही ऊतक घडविण्याची क्षमता असते. बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर या तीन मूलभूत स्तरांची मांडणी पूर्ण होत असताना आदिरेषा मागे सरकत जाते आणि शेपटाकडील टोकाशी, म्हणजे पुढे जेथे माकडहाड तयार होते तेथे, लोप पावते. यांपैकी काही पेशी लोप न पावता तेथेच राहिल्या व अनियंत्रितपणे वाढू लागल्या, तर तिन्ही स्तरांतील ऊतकांचे मिश्रण असलेली गाठ तयार होते. दुसऱ्या एका मतानुसार, पीतक कोशाकडून जननग्रंथींकडे स्थलांतर करणाऱ्या आदिम बीजपेशी वाटेत अडकून राहिल्याने ही गाठ उद्भवते. दोन्ही उपपत्तींतून पुढे येणारी गोष्ट एकच आहे : ही वाढ पेशींच्या अगदी प्रारंभीच्या हालचालींतील विस्कळीतपणातून होते.

या वस्तुस्थितीला सामाजिक अंगही आहे. बालकात जन्मजात दोष आढळला की त्याचा ठपका मातेवर ठेवण्याची प्रवृत्ती आपल्याकडे आजही दिसते. ग्रहणात तिने विळी हाती धरली, अमुक पदार्थ खाल्ला, अमुक नियम मोडला, अशी कारणे शोधली जातात. आदिरेषेचा हा कालखंड इतका प्रारंभीचा असतो की अनेकदा त्या वेळी स्त्रीला आपण गर्भवती असल्याचेही ठाऊक नसते. तिच्या आचरणाशी या अर्बुदाचा कोणताही संबंध नाही, हे स्पष्टपणे सांगणे हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

बहुतांश प्रकरणे एकेकटी असतात. ती कुटुंबात चालत आलेली नसतात. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. त्रिकास्थीतील दोष, गुदद्वाराची सदोष रचना आणि त्रिकास्थीच्या पुढील बाजूस गाठ या तीन गोष्टी एकत्र आढळण्याच्या अवस्थेचे वर्णन ग्वीदो कुरारिनो यांनी १९८१ मध्ये केले. ही अवस्था आनुवंशिक असू शकते. त्यामुळे अशा बालकाच्या माता-पित्यांची व भावंडांचीही तपासणी करणे आवश्यक ठरते.

३. वर्गीकरण : दिसणारी गाठ आणि दडलेली गाठ

या अर्बुदाचे आज सर्वत्र वापरले जाणारे वर्गीकरण पीटर ऑल्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सच्या शल्यचिकित्सा विभागाच्या १९७३ च्या सर्वेक्षणावर ते आधारित असून १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पुढील चार प्रकार मानले जातात :

(अ) पहिला प्रकार : गाठ प्रामुख्याने शरीराबाहेर असते, आतील भाग अगदी थोडा असतो.
(आ) दुसरा प्रकार : गाठ बाहेर दिसते, परंतु तिचा बराच भाग श्रोणीच्या पोकळीत असतो.
(इ) तिसरा प्रकार : बाहेर लहानसा उंचवटा दिसतो, गाठीचा मोठा भाग श्रोणीत आणि उदरात असतो.
(ई) चौथा प्रकार : गाठ पूर्णपणे त्रिकास्थीच्या पुढे, शरीराच्या आत असते, बाहेरून काहीही दिसत नाही.

सर्वेक्षणात पहिल्या प्रकाराचे प्रमाण सुमारे ४७ टक्के, दुसऱ्याचे ३५ टक्के, तिसऱ्याचे ९ टक्के आणि चौथ्याचे १० टक्के आढळले. वयानुसार दिसलेला फरक अधिक बोलका आहे. दोन महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलींपैकी ७ टक्के व मुलग्यांपैकी १० टक्के प्रकरणांत अर्बुद मारक होते. दोन महिन्यांनंतर निदान झालेल्यांत हेच प्रमाण अनुक्रमे ४८ आणि ६७ टक्के होते.

या आकड्यांतून एक विसंगत वाटणारे, परंतु महत्त्वाचे सत्य हाती येते. अर्भकाच्या डोक्याएवढी गाठ घेऊन जन्मलेले मूल पाहून कुटुंब हादरते. मात्र त्याच भीतीपोटी ते तातडीने रुग्णालय गाठते व गाठ सौम्य असतानाच काढली जाते. याउलट, चौथ्या प्रकारातील बालक वरकरणी निर्दोष दिसते. पुढे त्याला बद्धकोष्ठ होतो, लघवी अडते, क्वचित पायांत अशक्तपणा येतो. बद्धकोष्ठ ही बाळांमधील नित्याची तक्रार असल्यामुळे घरी एरंडेल किंवा गुटी दिली जाते, दवाखान्यात पातळ औषध दिले जाते आणि महिने निघून जातात. प्रत्यक्ष गाठ हाती लागते तेव्हा अनेकदा तिचे स्वरूप बदललेले असते.

४. जन्मापूर्वीचे निदान

गर्भावस्थेच्या १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीत ही गाठ पुष्कळदा दिसते. गर्भाच्या पाठीच्या खालच्या टोकाशी द्रवयुक्त, घन अथवा मिश्र स्वरूपाची वाढ आढळते. द्रवयुक्त गाठीचे भवितव्य तुलनेने चांगले असते. घन व रक्तवाहिन्यांनी समृद्ध असलेली गाठ मात्र गर्भाच्या रक्ताभिसरणातील मोठा वाटा स्वतःकडे ओढून घेते. गर्भाच्या हृदयाला त्यामुळे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक रक्त ढकलावे लागते. अखेरीस हृदय थकते, गर्भाच्या त्वचेखाली, छातीत व उदरात पाणी साठते आणि वारही जाड होते. ही अवस्था गंभीर असते. गर्भ अपरिपक्व असताना ती उद्भवल्यास त्याच्या जगण्याची आशा फारच थोडी उरते. कधीकधी मातेच्या शरीरावरही सूज येते व तिचा रक्तदाब वाढतो. जणू गर्भाच्या आजाराचे प्रतिबिंब मातेत उमटते.

अशा निवडक प्रकरणांत गर्भाशय उघडून गर्भावरच शस्त्रक्रिया करण्याचे प्रयत्न अमेरिकेतील मोजक्या केंद्रांमध्ये झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील मायकेल हॅरिसन यांनी या शाखेचा पाया घातला. स्कॉट अॅडझिक व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात वेगाने वाढणाऱ्या अशा अर्बुदावरील गर्भशस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हा उपाय माता व गर्भ या दोघांच्याही दृष्टीने जोखमीचा असल्याने त्याचा अवलंब अपवादानेच केला जातो. बहुसंख्य गर्भांच्या बाबतीत वारंवार सोनोग्राफी, हृदयाच्या स्थितीवर लक्ष आणि सुयोग्य ठिकाणी प्रसूतीचे नियोजन हेच पुरेसे असते. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असल्यास सामान्यतः सिझेरियन शस्त्रक्रियेची निवड केली जाते. कारण नैसर्गिक प्रसूतीत बाळ अडण्याचा व गाठ फुटून जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

भारतात गर्भजल व गर्भतपासणीचा विषय कायद्याशी जोडलेला आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात प्रथम कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. गर्भातील दोष शोधण्यासाठी नोंदणीकृत केंद्रात केलेल्या सोनोग्राफीला हा कायदा मुभा देतो. बंदी आहे ती लिंगनिदानाला. हा भेद स्पष्ट नसल्याने काही कुटुंबे आवश्यक तपासणीही टाळतात. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपविला आहे. मात्र या अर्बुदाचे निदान म्हणजे गर्भपाताची शिफारस नव्हे. पाण्याची सूज नसलेल्या बहुतेक गर्भांचे भवितव्य चांगले असते. म्हणून निर्णयापूर्वी माता-पित्यांची बालशल्यचिकित्सकाशी भेट घडविणे अत्यावश्यक होय.

५. जन्मानंतरचे निदान

बाहेर दिसणाऱ्या गाठीच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो मज्जावरणाच्या जन्मजात फुगवट्यापासून तिला वेगळे ओळखण्याचा. मज्जावरणाचा फुगवटा सामान्यतः माकडहाडाच्या वर, पाठीच्या मध्यरेषेवर असतो आणि बाळ रडले की ताठ होतो. टेराटोमा माकडहाडाच्या टोकाशी असतो व गुदद्वाराला पुढे ढकलतो. चरबीची गाठ, रक्तवाहिन्यांची गाठ, लसिकावाहिन्यांची गाठ यांचाही विचार करावा लागतो. स्वरूप निश्चित होण्यापूर्वी गाठीत सुई खुपसून पाणी काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्यामुळे जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांचा धोका उद्भवतो.

तपासणीतील सर्वांत साधी आणि सर्वाधिक दुर्लक्षित पायरी म्हणजे करंगळीने केलेली गुदाशयाची तपासणी. गुदाशयाच्या मागे हाताला लागणारी गाठ चौथ्या प्रकाराचेही निदान सुचवू शकते. तिला उपकरण लागत नाही, खर्चही येत नाही. त्यानंतर सोनोग्राफी व एमआरआय यांच्या साहाय्याने गाठीचा आतील विस्तार, मज्जारज्जूशी असलेला संबंध आणि मूत्रमार्गावरील दाब यांचा अंदाज घेतला जातो.

रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनाचे मापन हा निदानाचा दुसरा आधार होय. गर्भावस्थेत हे प्रथिन पीतक कोश व यकृत यांत तयार होते. टेराटोमातून उद्भवणारे मारक अर्बुद बहुधा पीतक कोशाच्या पेशींसारखे असते व तेही हेच प्रथिन स्रवते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निरोगी नवजात अर्भकातही या प्रथिनाची पातळी प्रौढांच्या हजारो पट असते. पूर्ण दिवसांच्या अर्भकात ती मिलिलिटरमागे सरासरी ५० हजार नॅनोग्रॅमच्या आसपास असू शकते. प्रारंभी दर पाच-सहा दिवसांनी ती निम्मी होते, नंतर घट मंदावते आणि साधारण आठ महिन्यांच्या सुमारास ती प्रौढांच्या पातळीला येते. त्यामुळे एकाच चाचणीतील मोठा आकडा पाहून घाबरणे जसे चुकीचे, तसेच वयाचा विचार न करता 'सामान्य' असा शेरा मारणेही चुकीचे. आकड्याची दिशा महत्त्वाची असते : तो अपेक्षेप्रमाणे उतरतो आहे, थांबला आहे, की पुन्हा चढतो आहे?

६. शस्त्रक्रियेची तत्त्वे

बाळाची प्रकृती स्थिर असल्यास जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया केली जाते. तीन किलो वजनाच्या अर्भकाच्या शरीरात एकूण रक्त सुमारे २५० मिलिलिटर असते. प्रौढाच्या शस्त्रक्रियेत नगण्य वाटणारा ५० मिलिलिटरचा रक्तस्राव येथे एकूण रक्ताच्या पाचव्या हिश्श्याएवढा होतो. म्हणून रक्ताची पूर्वतयारी, शस्त्रक्रियागृहाचे योग्य तापमान आणि नवजातांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ या बाबी शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतक्याच महत्त्वाच्या असतात.

बाळाला पालथे निजवून, कंबर किंचित उंच ठेवून, उलट्या 'व्ही' अक्षराच्या आकाराचा छेद घेतला जातो. गुदाशयाची जागा सतत लक्षात राहावी म्हणून त्यात आधी पट्टी किंवा नळी ठेवतात. गाठीच्या आवरणालगत राहून स्नायू व मज्जातंतू सांभाळत ती मोकळी केली जाते. गाठीला मुख्य रक्तपुरवठा करणारी मध्य त्रिक-धमनी शक्य तितक्या लवकर बांधली जाते. तिसऱ्या व चौथ्या प्रकारांत प्रथम उदरातून ही धमनी बांधून गाठीचा वरचा भाग सोडवावा लागतो. काही केंद्रांत हा टप्पा दुर्बिणीच्या साहाय्याने पार पाडला जातो. शेवटी श्रोणितळाचे ताणलेले स्नायू पुन्हा जागेवर आणून शिवले जातात. त्यामुळे गुदद्वार मूळ ठिकाणी येते.

या शस्त्रक्रियेचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, गाठीसोबत माकडहाडही अखंडपणे काढले पाहिजे. बोस्टनमधील रॉबर्ट ग्रॉस व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये आपल्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. माकडहाड मागे राहिलेल्या रुग्णांत गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यातून पुढे आले. ज्या पेशींपासून अर्बुद जन्मते त्या माकडहाडालगतच असल्यामुळे त्या मागे ठेवणे म्हणजे रोगाचे बीज मागे ठेवणे होय. या निष्कर्षानंतर माकडहाडाचे उच्छेदन हा शस्त्रक्रियेचा अविभाज्य भाग बनला. ते काढल्याने बाळाच्या बसण्या-चालण्यात अडथळा येत नाही, हेही पालकांना समजावून सांगावे लागते.

काढलेली गाठ विकृतिशास्त्रज्ञाकडे संपूर्ण पाठविली पाहिजे. तिचे अनेक ठिकाणचे नमुने तपासल्याशिवाय ती परिपक्व, अपरिपक्व की मारक हे ठरविता येत नाही; कारण मारक पेशींचा लहानसा समूह एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो.

७. मारक अर्बुद व दीर्घकालीन देखरेख

मारक अर्बुदाच्या उपचारांत १९७० च्या दशकात आलेल्या सिस्प्लॅटिन या औषधाने मोठा बदल घडविला. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड आणि ब्लिओमायसिन यांच्या संयोगाने गाठ लहान करून नंतर ती काढता येते. पूर्वी ज्यांच्याबाबत आशा सोडली जाई, अशा बालकांपैकी बहुसंख्य बालके आज वाचतात. तरीही या औषधांचे श्रवणशक्ती, मूत्रपिंड व फुप्फुसे यांवर दुष्परिणाम संभवतात. योग्य वेळी केलेली एक शस्त्रक्रिया ही सारी यातना टाळू शकते.

सौम्य गाठ पूर्णपणे काढल्यावरही उपचार संपत नाहीत. सुमारे दहा टक्के बालकांत गाठ पुन्हा उद्भवू शकते आणि पहिली गाठ सौम्य असूनही दुसरी मारक असू शकते. म्हणून किमान तीन वर्षे, साधारण दर तीन महिन्यांनी, गुदाशयाची तपासणी व अल्फा-फीटोप्रोटीनचे मापन केले जाते. काही मुलांना पुढे बद्धकोष्ठ, मलविसर्जनावरील अपुरा ताबा किंवा मूत्राशयाच्या तक्रारी जाणवतात. शाळेत जाण्याच्या वयात या तक्रारी मुलाला संकोचात टाकतात. त्यामुळे शिक्षकांना त्यांची कल्पना असणे हितावह ठरते.

८. महाराष्ट्रातील संदर्भ

बालशल्यचिकित्सा ही भारतातील तुलनेने तरुण शाखा आहे. तिच्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली. मुंबईतील वाडिया बालरुग्णालय (१९२९) आणि टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) यांसारख्या संस्थांमुळे महाराष्ट्राला या उपचारांची परंपरा लाभली आहे. मात्र तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत आणि बालके सर्वदूर जन्मतात. हे अंतर कमी करण्याचे काम प्राथमिक पातळीवरील तपासणीच करू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यात नवजातांच्या मज्जारज्जूच्या दोषांची पाहणी अंतर्भूत आहे. त्यासाठी बाळाची पाठ पाहताना दोन्ही नितंबांमधील भागही पाहिला, तर बाहेर दिसणारी कोणतीही गाठ नजरेतून सुटणार नाही. नवजात काळातील आशा कार्यकर्तीच्या नियोजित गृहभेटी ही त्याची दुसरी संधी होय. आतील गाठीसाठी मात्र बद्धकोष्ठ व लघवीचा अडथळा एकत्र आढळलेल्या प्रत्येक अर्भकाची गुदाशय-तपासणी व सोनोग्राफी हाच मार्ग आहे.

हा विकार मुलींमध्ये अधिक आढळतो, हे येथे पुन्हा लक्षात घेतले पाहिजे. मुलीच्या आजारपणात खर्च आणि प्रवास पुढे ढकलण्याची वृत्ती जेथे असेल, तेथे या अर्बुदाच्या बाबतीत ती विशेष घातक ठरते. कारण येथे दोन-चार महिन्यांचा विलंब सौम्य आणि मारक यांमधील अंतर ओलांडण्यास पुरेसा असतो.

९. समारोप

त्रिकास्थी-माकडहाड प्रदेशातील टेराटोमा दुर्मीळ असला तरी त्याच्यावरील उपचारांचे तर्कशास्त्र सुस्पष्ट आहे. गर्भावस्थेत वेळेवर सोनोग्राफी, जन्मतः संपूर्ण पाठीची पाहणी, संशय येताच करंगळीने गुदाशयाची तपासणी, लवकर व माकडहाडासह केलेली शस्त्रक्रिया आणि त्यानंतर तीन वर्षांची चिकाटीची देखरेख, अशा या पायऱ्या होत. यांतील शस्त्रक्रिया वगळता कोणतीही पायरी असामान्य कौशल्याची मागणी करीत नाही. प्रत्येक पायरी वेळेवर उचलली जाणे मात्र आवश्यक असते. दिसणारी गाठ स्वतःच लक्ष वेधून घेते. न दिसणाऱ्या गाठीसाठी तपासणाऱ्याने आपणहून शोध घ्यावा लागतो. पहिल्या दोन महिन्यांत तो घेतला गेला, तर बहुसंख्य बालकांच्या आयुष्यात या अर्बुदाची खूण म्हणून केवळ शस्त्रक्रियेचा एक व्रण उरतो.